उजेडात नेऊन बघा

आमच्या दुकानाला पाटी होती, पण ती वाचून कुणी येत नसे. लातूरच्या गंजगोलाईत कापडाच्या गल्लीला लागलं, की एका उंबऱ्यावर दोन-तीन बायका साडीचा पदर आणि ब्लाउजचं कापड एकमेकांना लावून आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसत. ते आमचं दुकान. मॅचिंगचं. ब्लाउज पीस, अस्तर आणि फॉल, एवढंच आम्ही ठेवत होतो. साड्या दुसरे विकायचे, आम्ही त्यांना जोड शोधून द्यायचो. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते ह्या कामाला धंदा म्हणायचेच नाहीत. "सोयरीक जमवायचं काम हाय हे," ते गिऱ्हाइकाला सांगत. "साडी पोरगी, पीस पोरगा. रंग न्हाई जमला तर दोघांचा बी संसार वाया." आणि हे हजार वेळा सांगून झालेलं असलं तरी ते स्वतःच पोट धरून हसायचे. त्यांचं हसणं समोरच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जायचं.

दुकानात ट्यूबलाइट होती, बल्ब होता, पण अप्पांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पांढऱ्या उजेडात निळा रंग खोटं बोलतो आणि पिवळ्या उजेडात लाल, असं त्यांचं मत. म्हणून गिऱ्हाईक आलं, की गादीवरून त्यांचा पहिला हुकूम सुटायचा, "उजेडात नेऊन बघा!" दिवसातून शंभरदा तरी हे वाक्य कानावर पडायचं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, ते घरात कशालाही लावायला सुरुवात केली होती. वांगी किडकी निघाली की उजेडात नेऊन बघा, मावसबहिणीला स्थळ आलं की मुलगा उजेडात नेऊन बघा. अव्वा निलंग्याकडची. तिच्या बोलण्यात कानडी शब्द असे सहज येऊन बसायचे, की ते कानडी आहेत हे मला नांदेडला जाईपर्यंत माहीत नव्हतं. कुणी फार बोलायला लागलं की ती हात वर करून म्हणायची, "साकू!" म्हणजे पुरे. ती 'साकू' म्हणाली की अप्पासुद्धा गप्प बसत.

घर दुकानाच्या मागेच होतं, मध्ये फक्त एक पडदा. त्यामुळे माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे कापड फाडण्याचा आवाज. अप्पा मापावर कात्रीची एक चीर द्यायचे आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडायचे. पडद्याआड अभ्यास करताना नुसत्या आवाजावरून मी सांगायची, आत्ता टू बाय टू फाडलं की पॉपलीन. सकाळी अव्वा सुशीला करायची. भिजवलेले मुरमुरे, शेंगदाणे, मिरची, वरून कोथिंबीर. अप्पा ती वाटी गादीवर बसूनच खायचे आणि हात पुसल्याशिवाय पांढऱ्या थप्पीला शिवायचे नाहीत. सोमवारी गव्हाची हुग्गी असायची, गुळाची खीरच ती, तूप घालून. त्या वासानं गिऱ्हाईक बाया आत डोकावून अव्वाशी बोलत बसायच्या आणि दोन पीस जास्त घेऊन जायच्या. हुग्गीमुळे दुकान चालतंय असं अव्वाचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पण अप्पांचं खरं वैभव म्हणजे रंगांची नावं. पोपटी, अंगूरी, पिस्ता, मोरपंखी, चिंतामणी, अस्मानी, अबोली, गाजरी, डाळिंबी, कत्थी, राणी, हळदी. एकाच हिरव्याला त्यांच्याकडे सात नावं होती. नुसतं 'हिरवं दाखवा' म्हणणाऱ्या बाईकडे ते दयेनं बघायचे. "नाव न्हाई तर गिऱ्हाईक मागंल कशानं?" ते मला म्हणायचे. नाव नसलेला रंग त्यांच्या लेखी रंगच नव्हता. मी दहा वर्षांची असताना बायका माझी परीक्षा घ्यायच्या. साडी एकदा दाखवायची, लगेच पिशवीत घालायची, आणि मी स्टुलावर चढून शंभर थप्प्यांतून नेमका पीस ओढायचा. मी चुकत नसे. "म्हानंदाचा डोळा म्हंजे सोनाराचा काटा," अप्पा सगळ्यांना सांगायचे. आपल्यानंतर गादीवर महानंदाच बसणार हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. त्या काळी गादीवर मुलगी बसवायची म्हणणारा बाप गल्लीत दुसरा नव्हता, हे आता लिहिताना माझ्या जास्त लक्षात येतं.

घोळ झाला तो माझ्या चित्रकलेनं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले आणि नांदेडला जाऊन चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचं माझ्या डोक्यात बसलं. अप्पा आठ दिवस थप्प्या उतरवून परत लावत बसले. मग एकदा जेवताना म्हणाले, "डोळा बिघडंल तिचा. रंग कालवून कालवून नजर मरती." मी रडले. अव्वानं भाकरी थापता थापता हात वर केला. "साकू. पोरगी काय पळून चालली का? माझी बहीण हाय न्हवं नांदेडात." शेवटी तोडगा निघाला. एक वर्ष जायचं. वर्षाअखेर तिथं चित्रांचं प्रदर्शन लागतं, ते बघायला अप्पा स्वतः येणार. डोळा शाबूत असला तर दुसरं वर्ष, बिघडलेला दिसला तर त्याच एसटीनं वापस.

नांदेडला मावशीकडे राहायला लागले. लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटी पोहोचेपर्यंत अंगाला डिझेलचा वास लागायचा. मावशी मला पहिल्या रविवारी गुरुद्वाऱ्यात घेऊन गेली. लंगरची डाळ जेवून गोदावरीच्या घाटावर बसलो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इथं जमेल आपल्याला.

वर्गात मात्र पहिल्याच दिवशी फजिती. आम्हाला रंगकाम शिकवणाऱ्या सरांना सगळी मुलं 'फडके सर' म्हणत होती, म्हणून मीही अदबीनं उभी राहून "फडके सर" म्हटलं. वर्ग फुटला. त्यांचं आडनाव वेगळंच होतं. खांद्यावर सदा ब्रश पुसायचं फडकं असायचं म्हणून मुलांनी ठेवलेलं ते नाव. सर रागावले नाहीत. खांद्यावरचं फडकं काढून झटकलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. ज्याला जे शोभतं ते नाव." पुढं दोन वर्षं मी त्यांना फडके सरच म्हणत राहिले. आजही त्यांचं खरं आडनाव आठवायला मला क्षणभर थांबावं लागतं.

तोवर मी पोस्टर कलर आणि वॉटर कलरच पाहिले होते. सरांनी हैदराबादहून ॲक्रिलिकच्या नळ्या आणल्या होत्या. पाण्यात कालवायचे, भराभर वाळायचे, आणि एकदा वाळले की पाण्याला भीक घालायचे नाहीत. पहिल्याच दिवशी माझ्या ओढणीला एक ठिपका लागला. तीनदा धुतली, ठिपका तसाच. पत्रात मी अप्पांना अभिमानानं लिहिलं, 'इथले रंग पक्के आहेत.' कापडाच्या धंद्यात पक्क्या रंगाइतकं मोठं कौतुक नाही.

पहिलं चित्र होतं वांगी, पितळी तांब्या आणि मागं पिवळं कापड. मी माझ्या डोळ्याच्या जोरावर बसले. कापडाचा पिवळा असा मिळवला, की कागद कापडाशेजारी धरला तर शिवण दिसू नये. सरांना दाखवायच्या आधी आम्ही चहाला गेलो. परत येऊन बघते, तर पिवळा गडद! वांगीही काळवंडलेली. माझ्या शेजारी रझिया बसायची, देगलूर नाक्याकडून यायची, हसरी, बोलकी. मी सरळ तिच्यावर घसरले. "माझ्या चित्राला हात कुणी लावला?" रझिया दोन्ही हात वर करून ओरडली, "अगे, मैं हात बी नै लगाई!" मी चित्र उचलून व्हरांड्यात नेलं, उजेडात धरलं, आणि भर वर्गासमोर सिद्ध केलं, की चहाच्या आधीचा आणि चहाच्या नंतरचा पिवळा एक नाही. सर दारात उभं राहून हे बघत होते. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, "ॲक्रिलिक वाळलं की गडद होतं, बाई. ओल्या रंगावर भुलायचं नसतं." रझियाची मी माफी मागितली. तिनं ती चिवडा-जिलेबीवर मान्य केली.

पण मी मॅचिंगवाल्याची मुलगी. हार कसली मानते? मी एक वही केली. प्रत्येक रंगाचा ओला ठिपका, शेजारी तो वाळल्यावरचा, आणि खाली नाव. अंगूरी, ओला. अंगूरी, वाळलेला. महिनाभरात शे-सव्वाशे रंग झाले आणि माझं वाळल्यानंतरचं मॅचिंगही तंतोतंत यायला लागलं. ती वही मी सरांपुढे ठेवली, शाबासकीच्या आशेनं. सरांनी पानन् पान बघितलं, मनापासून बघितलं, आणि म्हणाले, "अप्रतिम दुकान आहे. आता चित्र कधी काढणार?" मला काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "तू वस्तूचा रंग काढून राहिलीस. वस्तू बघून तुला काय झालं, त्याचा रंग कुठंय?" मी म्हटलं, "सर, तसा रंग कसा ओळखायचा? समोर असल्याशिवाय जोडायचा कशाला?" सर हसले. "वडील कोणत्या रंगाचे तुझे?" "गव्हाळ." "आणि हसतात तेव्हा?"

अप्पांचं हसणं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि ते गव्हाळ नव्हतं, एवढं मला नक्की कळलं. सरांनी प्रदर्शनासाठी तेच काम दिलं. वडील काढ. पण गव्हाळ, तपकिरी, मातकट असा एकही रंग घ्यायचा नाही.

आठ-दहा दिवस मी नुसती बसून होते. मावशी विचारायची, बरं वाटत नाही का? मला भीती वाटत होती. हेच चित्र बघायला अप्पा येणार. बाप हिरवा-निळा रंगवला तर ते काय म्हणतील हे मला ऐकूसुद्धा येत होतं. डोळा बिघडला. चल. दुसरीकडे, मनातून तो रंग शोधायची इतकी ओढ लागली होती, की रात्री जेवतानाही मी ताटातल्या लोणच्याकडे बघत बसायची.

मग एका दुपारी मला अप्पांची एक लकब आठवली. एखादी नवी नवरी दुकानात लाजून काही बोलेना, की अप्पा तो पीस स्वतःच्या खांद्यावर टाकायचे, पदरासारखा डोक्यापर्यंत ओढायचे आणि उंबऱ्यावर उभं राहून नवरीसारखं लाजून दाखवायचे. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, ओठांवर भरघोस मिशी, आणि डोक्यावर राणी रंगाचा पदर! नवरी खदखदून हसायची आणि मग तिची पसंती पटापट सांगायची. त्या वेळी उन्हात कापडाचा रंग अप्पांच्या हनुवटीवर, गालांवर उतरायचा. मी कितीदा बघितलं होतं हे! आणि तरीही कुणी विचारलं तर अप्पा गव्हाळ म्हणून मोकळी व्हायची.

त्या दुपारी मी बसले ती उठलेच नाही. गालाची सावलीची बाजू पोपटी केली. मिशी चिंतामणी. कपाळ हळदी, त्यावर विभूतीचे पट्टे अस्मानी. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. डोक्यावरच्या पदराला राणी रंग दिला. तो वाळला, गडद झाला, आणि मला जरा उदास वाटला. अप्पा उदास नव्हते. ॲक्रिलिकची हीच मजा, की खालचा थर वाळला तर पाच मिनिटांत वर दुसरा देता येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मी हळदीचा पिवळा पाण्यात पातळ केला आणि राणीवरून फिरवला. वाळू दिला. परत फिरवला. तिसऱ्या हाताला तो पदर पेटला. केशरी नाही, राणी नाही, गाजरीही नाही. वरून ऊन आणि आतून गुलाल. मी वही उघडली, पेन घेतलं आणि तशीच बसले. माझ्याकडे त्याला नाव नव्हतं.

प्रदर्शनाला अप्पा-अव्वा सकाळच्या एसटीनं आले. अप्पांच्या अंगावर धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, अव्वाच्या हातात धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्यांना आधी सगळ्यांची चित्रं दाखवत हळूहळू नेलं. माझ्यापाशी आल्यावर अव्वाच्या तोंडावर पदर गेला. "अगं बाई! काय गं हे? बापाला कावीळ झाली म्हणावं, तर मिशीला नीळ कशी लागली?" रझिया मागं फिसकन हसली. अप्पा हात पाठीमागं बांधून बघत राहिले. फडके सर खांद्यावरचं फडकं सारखं करत लांब उभे होते. मला वाटलं, आता पेटी भरायचीच.

मग अप्पा पुढं झाले आणि त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं. कुणाला विचारलं नाही, काही नाही. सर धावले, "अहो, अहो..." तोवर अप्पा चित्र काखोटीला मारून व्हरांड्यात पोहोचलेसुद्धा. उजेडाकडे तोंड करून त्यांनी ते धरलं, जसा आयुष्यभर पीस धरला तसा. मग धोतराचा सोगा जिभेला लावून ओला केला आणि चित्राचा कोपरा खसाखसा घासला. सरांनी डोळे मिटून घेतले. अप्पांनी सोगा बघितला. पांढराच होता.

"पक्का हाय," ते म्हणाले.

मग बोट ठेवत ठेवत बोलायला लागले. "ह्यो पोपटी. ह्यो चिंतामणी. हितं हळदी घेतलास, आन् ह्यो अस्मानी." प्रत्येक नावाला मी मान हलवत होते. बोट पदरावर आलं आणि थांबलं. त्यांनी चित्र तिरपं केलं, जवळ घेतलं, लांब धरलं. रंगापुढे अडलेले अप्पा मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"ह्याला काय म्हनतेत?"

"नाव नाही, अप्पा. झाला आपोआप."

"आपोआप कसा हुईल? धूपछाव केलीस की. खाली राणी हाय." त्यांचा आवाज बदलला होता. "आन् हे मी नवरीचं करून दाखवतो ते हाय. व्हय ना?"

"हाव."

अप्पा हसले. चित्रातल्यासारखे, मिशी वर करून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे. मी धीर करून विचारलं, "डोळा बिघडला का हो माझा?"

"बिघडला," ते म्हणाले. "लई चांगला बिघडला. अजून एक वर्स बिघडव." आणि सरांकडे वळून, "गुरुजी, ह्या रंगाचा एक तुकडा मिळंल का? एवढाच, बोटभर." मी एका कागदाच्या पट्टीवर तसेच तीन हात देऊन ती वाळवून दिली. त्यांनी ती टोपीत ठेवली. नंतर आम्ही सगळ्यांनी व्हरांड्यात बसून धपाटे खाल्ले. सरांनी चार खाल्ले, अव्वानं पाचवा वाढला तेव्हा ते स्वतःच "साकू" म्हणाले, आणि अव्वा एकदम त्यांच्याशी कानडीत बोलायला लागली. त्यांना तेवढा एकच कानडी शब्द येत होता, हैदराबादेत एका कानडी खानावळीत शिकलेला.

दिवाळीला घरी गेले तर गादीमागच्या फळीवर, डाळिंबी आणि गाजरीच्या मध्ये, एक नवी थप्पी होती. गल्लीतल्या रंगाऱ्याकडून अप्पांनी चार वेळा कापड रंगवून घेतलं होतं. तीनदा परत केलं होतं. पट्टी अजून टोपीतच होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या साडीला पीस जोडला, त्या वर्षी माझ्या रंगाला जोडला. समोर एक बाई उभी होती, तिला ते सांगत होते, "ह्यो नवीन हाय. नांदेडी म्हनतेत ह्याला. उजेडात नेऊन बघा." मी पडद्यातून बाहेरच आले नाही. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही तिथं अप्पांना दिसू द्यायचं नव्हतं.

पुढं मी चित्रकला शिक्षिका झाले, नोकरीत नायगाव, जळकोट, निलंगा असं फिरले, आणि निवृत्त होऊनही आता चार वर्षं झाली. हजारभर मुलांना मी सांगितलं असेल की ओल्या रंगावर भुलू नका. अप्पा गेले, दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. ते चित्र माझ्या बैठकीत आहे. येणारा-जाणारा विचारतो, ह्या बाईला मिशी का आहे?

गेल्याच महिन्यात निलंग्याला एका लग्नाला गेले होते. भाचीच्या साडीला पीस हवा होता म्हणून मॅचिंगच्या दुकानात शिरलो. आमच्या आधी एक तरुण बाई होती, सून असावी कुणाची. ती काउंटरवर साडी टाकून म्हणाली, "दादा, नांदेडी दाखवा." दुकानदार चाळिशीचा असेल. त्यानं न बघता मागं हात घातला आणि थप्पी काढली. मी पुढं होऊन विचारलं, "ह्याला नांदेडी का म्हणतात हो?" तो माझ्याकडे बघून, जरा दयेनंच, म्हणाला, "बाई, लई जुना रंग हाय ह्यो. निजामाच्या टायमाचा. नांदेडात पहिल्यापून काढत्यात."

मी त्याचं म्हणणं खोडलं नाही. पीस हातात घेतला, उंबऱ्यावर गेले आणि उन्हात धरला. एका छटेनं गडद झाला होता. एवढ्या वर्षांत वाळला असणार. पण खाली राणी होता.

"मला पण द्या एक," मी म्हटलं.

"साडी आणलीय का? मॅचिंग कशाला करायचंय?"

"वडिलांना," मी म्हटलं, आणि पीस खांद्यावरून डोक्यावर ओढून त्याला लाजून दाखवलं.